न सांगता बदललेली लायब्ररी

आमच्या लॅबमध्ये दोघांत एक कॉम्प्युटर होता. माझा पार्टनर देवळ्याचा. ऑपरेटिंग सिस्टीम या विषयात तो एकदा नापास झाला होता, आणि या वेळी प्रॅक्टिकल निघालं नाही तर त्याचं वर्ष जाणार होतं.

फाइलमधून विद्यार्थ्यांच्या नोंदी वाचायचं काम होतं. वाचण्याचं फंक्शन दोघांनाही लागणार, म्हणून मी ते एकदाच लिहून शेअर्ड लायब्ररीत ठेवलं. माझा असो की त्याचा, प्रोग्रॅम चालू झाला की तीच लायब्ररी उघडून वापरायचा. फंक्शन साधं होतं: पहिल्या नोंदीपासून क्रमाने एकेक नोंद वाचायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मला वाटलं, हवी ती नोंद थेट नंबराने उचलता आली तर मार्क जास्त पडतील. मी फंक्शन बदललं. नंबर दिला नाही तर दर वेळी पहिलीच नोंद मिळेल, असं ठेवलं. माझा प्रोग्रॅम चालला. त्याचा मी चालवून बघितला नाही.

एकलहऱ्याजवळच्या आमच्या मळ्यातली विहीर तीन घरांची आहे. मोटर चालू करण्याआधी बाकीच्या दोन घरांना हाक मारायची, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. इथे हाक मारायची राहिली.

त्याचा नंबर आधी लागला. पडद्यावर एकच नाव खालपर्यंत उतरत गेलं.

"सगळा वर्ग एकाच पोराचा का रे?" बाहेरून आलेले सर म्हणाले.

"सर, काल चालत होता. मी काहीच बदललं नाय."

"काल मीपण बारीक होतो."

सगळे हसले. मीही हसलो. "सर, मी बदललंय," एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचा नंबर माझा होता. माझं बघून सर "छान" म्हणाले.

नंतर कॅन्टीनमध्ये तो प्रोग्रॅमचा कागद पसरून बसला होता.

"भाऊ, तू बघ ना. तुला लय कळतं यातलं. माझं काय चुकलं?"

मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. काहीच चुकलेलं नव्हतं. तरी एका ओळीवर बोट ठेवून म्हणालो, "इथे असेल."

"हां! मीपण येडाच हे," म्हणत त्याने ती बरोबर असलेली ओळ पेनाने खोडली.

यंदा तो मागच्या वर्गात बसतो. भेटला की "काय भाऊ" म्हणतो. हे लिहिलेलं आधी त्याला वाचायला द्यायचं ठरवलंय. दोनदा त्याच्या वर्गाच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय.