चंपीच्या पोटाशी चप्पल

शेजारच्या सुमनवहिनींची कुत्री चंपी जुनी चप्पल पोटाशी घेऊन बसली होती. तिला चाटायची, कुणी जवळ गेलं की गुरगुरायची. दूधही आलं होतं, म्हणून वहिनींनी तिच्यासाठी बाळंतिणीची अळिवाची खीर केली.

चंपीला तपासायला आलेले प्राण्यांचे डॉक्टर वैतागले. “अहो, पिल्लं झालीच नाहीत हिला! हा सगळा हार्मोन्सचा परिणाम. खीर बंद करा, चप्पल काढून घ्या. विसरेल ती.”

वहिनींनी चप्पल उचलली. चंपी रिकामी गोधडीच चाटत राहिली.

मला शरीराचाच राग आला. कुशीत कुणी नाही, हे त्याला कळवायचं कुणी?

डॉक्टर गेल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, “माझं बाळ गेलं, तेव्हाही दूध येतच होतं.”

आणि त्यांनी चप्पल परत चंपीच्या पोटाशी सारली.