मेकूने झाडलेला समुद्र

मेकू आमच्या गावातल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसायची. बुटकी, रुंद खांद्यांची, बोलण्यात काटकसर करणारी. पण मंगळवारी गिरमिट खांद्यावर टाकून ती गोठलेल्या खाडीवर उतरली की तिची चालच बदलायची. प्रवेशाआधी विंगेत उभ्या नटाची पाठ ताठ होते, अगदी तशी.

किनाऱ्यापासून समोरच्या सुळक्यापर्यंत तिने चार खांब रोवले होते. प्रत्येकापाशी गिरमिटाने बर्फात भोक पाडायचं, पट्टी सोडायची, बर्फ किती जाड झाला ते लिहायचं. आकडे दूरच्या शास्त्रज्ञांकडे जात आणि दुकानाबाहेरच्या फळ्यावरही लागत. ग्रीनलंडच्या या टोकाला पूर्वी जो तो लोखंडी टोकाचा दांडा घेऊन निघे. तीन घावांत बर्फ फुटला नाही तर कुत्र्यांची गाडी पुढे न्यायची, दुसऱ्याच घावाला पाणी वर आलं तर मागे फिरायचं. पण मेकूचा फळा बावीस वर्षं चुकला नाही आणि घरोघरचे दांडे कोपऱ्यात गेले.

मेकू भारी टापटिपीची. भोकं सापडावीत म्हणून खांबांभोवती पडलेलं हिम ती दर आठवड्याला फावड्याने काढून टाकायची. तिचा थोरला भाऊ ताटेराक चिडवायचा, "घरात केर साचलाय आणि ही बाई समुद्र झाडते."

त्या जानेवारीत हिम फार पडलं. सूर्य यायला अजून तीन आठवडे होते. दुपारी दोन तास तेवढा निळसर उजेड. बुधवारी फळ्यावर अडतीस सेंटिमीटर वाचून ताटेराक अकरा कुत्री जुंपून सुळक्यापलीकडे हॅलिबट माशांसाठी टाकलेले गळ काढायला गेला.

त्याच सकाळी वाऱ्याने तिसरा खांब कलला. दुपारी उजेड आल्यावर मेकू तो सरळ करायला निघाली, पाय मोकळे करायला मी, तिची मावशी, सोबत गेले. वडिलांचा जुना दांडा तिने नुसता आधाराला घेतला होता. खांबाच्या दहा पावलं अलीकडे, गुडघाभर हिमात, तिने सहज एक घाव घातला. दुसऱ्या घावाला दांडा सरळ खाली गेला आणि पाणी वर आलं. काळं, आवाज न करता.

आम्ही जागच्या जागी थिजलो.

"मावशी, पाय उचलू नकोस," ती हळू म्हणाली. "घसटत माझ्यामागे ये."

खांबाभोवतीच्या झाडलेल्या गोलात पोचून तिने चार घाव घातले. खडकावर घातल्यासारखे वाजले. मग खांब पुन्हा रोवायला आणलेलं गिरमिट गोलाबाहेर हात लांबवून फिरवलं. पट्टी वर आली: बारा.

मला काही कळेना. तिला कळलं होतं. हिम म्हणजे बर्फावरची गोधडी. ती जाड असली की खाली थंडी पोचत नाही, बर्फ वाढत नाही. मेकूने फक्त खांबांभोवतीची गोधडी काढली होती. एरवी हिम थोडं पडायचं, म्हणून फरक कधी दिसला नव्हता.

"मी माझं अंगण मोजत होते, मावशी," ती म्हणाली. "समुद्र नाही."

ताटेराकच्या गाडीच्या दोन रेघा तिथूनच, त्या जाड हिमातून गेल्या होत्या. जाताना गाडी रिकामी होती. येताना दोनशे किलो मासळी असणार. आणि आमच्याकडे माणूस गेल्या वाटेनेच परततो, कारण तिने एकदा वजन पेललेलं असतं. मेकूने वॉकीटॉकीवर हाका मारल्या. त्याचा, नेहमीप्रमाणे, खोक्यात बंद.

सुळक्यामागून कुत्री भुंकली.

मी ओरडले. कधी काळी मी नाटकांत कामं करायचे तेव्हा या आवाजाने सभागृहातली शेवटची रांग दचकायची. आज वारा तो माझ्याच तोंडावर आणून टाकत होता. तोवर मेकूने खांब उपटला, पोटावर आडवी झाली आणि खांब नि दांडा पुढे ढकलत रेघांवरून सरपटू लागली. तिच्या वजनाने बर्फ वाकत होता. वाकताना तो कण्हतो. कोपरांखाली पाणी दिसू लागलं तेव्हा ती थांबली आणि दोन्ही काठ्या जोर लावून पुढे सरकवल्या, वाटेवर एकमेकींवर आडव्या. पुढे येऊ नको, अशी ही आमची जुनी खूण. फळा आल्यापासून ती कुणी घातली नव्हती. ताटेराकला आठवेल का, एवढंच आता उरलं होतं.

गाडी दिसली. थांबेना. मी पावलं मोजू लागले. साठ. चाळीस. मग चाबूक बर्फावर आपटल्याचा आवाज आला, कुत्री वळली आणि गाडी आडवी होताना तिचा मागचा कोपरा खचला. ताटेराकने क्षणात मासळी बांधलेल्या दोऱ्या कापल्या. मासळी पाण्यात गेली, हलकी झालेली गाडी कुत्र्यांनी वर ओढली.

कड्याच्या पायथ्याशी वाऱ्याने उघड्या पडलेल्या बर्फावरून वळसा घालून तो दीड तासाने गावात पोचला. आम्ही दोघी आल्या वाटेने घसटत मागे आलो होतो. तो दीड तास मेकू किनाऱ्यावर उभी होती, मी तिचा हात धरून होते.

"नीट झाडत जा ना," काय झालं ते ऐकून ताटेराक म्हणाला. त्याच्याही ओठांना रंग नव्हता. मेकू हसली नाही. ती सरळ फळ्यापाशी गेली आणि अडतीस हातमोज्याने पुसून टाकले.

शास्त्रज्ञांना तिने चार ओळी लिहिल्या: खांबांभोवती मी झाडत आले, माझे बावीस वर्षांचे आकडे खऱ्याहून जास्त आहेत, त्यांवर विसंबू नका. ते लिहायला तिला तीन दिवस लागले.

आता खांबांभोवती हिम तसंच असतं आणि भोकं तिला हाताने चाचपून शोधावी लागतात. फळ्यावर आकडा असतो, त्याशेजारी एक दांडा टांगलेला. तो घेतल्याशिवाय ती कुणाला खाडीवर सोडत नाही. तरी दर मंगळवारी आकडा लिहिताना खडू मध्येच थांबतो. मी दारात असले तर तिचा हात पुन्हा हलेपर्यंत उभी राहते.