एकाच तिकिटाचा दोनदा झालेला लिलाव

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गावातला, हे आठवायला थोडं थांबावं लागतं. टाळेबंदीच्या वर्षातली ही एक मात्र जशीच्या तशी राहिली आहे. तिच्यात ना कोणी फरार होतं, ना कोणाच्या अंगावर ओरखडा उठला. तरीही निवृत्तीनंतर दुपारी डोळा लागता लागता मला तेच घर दिसतं. पांढरे पडदे, पंख्याचा आवाज, आणि टेबलावर मांडलेली पुठ्ठ्याची छोटी छोटी तिकिटं.

मी तेव्हा रायपूरमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमचं घराणं मूळचं अमरावतीकडचं. वडील रेल्वेत लागले आणि आम्ही इथलेच झालो. त्या दिवसांत ठाण्याचं काम बदलून गेलं होतं. चोऱ्या जवळजवळ थांबल्या होत्या. रोजनामच्यात पास तपासल्याच्या आणि दुकानं बंद केल्याच्या नोंदी असायच्या. मी जीपमधून तेलीबांध्याच्या तलावाकाठी जायचो तेव्हा भर सकाळी रस्त्यावर फक्त कबुतरं चालताना दिसायची. इतकं मोठं शहर, पण कोणीतरी त्याला हळूच झोपवून ठेवल्यासारखं वाटायचं.

आणि घराघरात माणसं कपाटं उघडून बसली होती. ही गोष्ट मला त्या केसनंतर कळली. ज्यांनी आयुष्यभर नाणी, पोस्टाची तिकिटं, काडेपेट्यांची चित्रं जमवली होती, त्यांना पहिल्यांदाच ती नीट लावायला वेळ मिळाला होता. कोणाची नोकरी गेली म्हणून त्यानं संग्रह विकायला काढला. कोणाला घरबसल्या दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून तो विकत घेत सुटला. इंटरनेटवर जुन्या वस्तूंचे लिलाव कधी नव्हे इतके रंगले होते. बाहेर सगळं बंद आणि तिथे मात्र बाजार भरलेला.

अशाच एका लिलावाबद्दल आमच्याकडे सायबर शाखेमार्फत अर्ज आला. अर्जदार नागपूरचे, निवृत्त अभियंता. त्यांनी रायपूरच्या एका गृहस्थाकडून रेल्वेचं जुनं तिकीट लिलावात घेतलं होतं. रायपूरहून धमतरीकडे जाणारी अरुंद रुळांवरची जी छोटी गाडी होती, तिचं. पैसे दिले, तिकीट आलं नाही. टपाल बंद आहे म्हणून ते थांबले. मग टपाल सुरू झालं, तरी आलं नाही. पुढे तेच तिकीट पुन्हा लिलावाला लागलं आणि दुसऱ्या शहरातल्या एका संग्राहकानं घेतलं. दोघांनी फोटो ताडून पाहिले. छापील क्रमांक एकच. तपासनिसानं चिमट्यानं पाडलेली खूणही त्याच कोपऱ्यात. एकच वस्तू दोघांना विकली म्हणजे सरळसरळ फसवणूक.

लिलावाच्या खात्यावरचा पत्ता शंकर नगरातला होता. मी बीटच्या हवालदाराला पाठवलं. तो तासाभरात परत आला आणि म्हणाला, "साहब, वो बाबूजी तो चले गए. कोरोना में. चार महीने हो गए."

सायबर शाखेतली महिला आरक्षक, म्हणजे कॉन्स्टेबल, समोरच बसली होती. तिनं माझ्याकडे तिचा फोन सरकवला. "सर, आज सुबह नौ बजे उन्होंने एक आदमी को जवाब दिया है."

मी तो मजकूर वाचला. अभनपूर स्टेशनवर पाण्याची टाकी कोणत्या बाजूला होती, असं कोणीतरी विचारलं होतं. उत्तर सविस्तर होतं. टाकी, तिच्या शेजारचं चिंचेचं झाड, झाडाखाली बसणारी फुटाणेवाली. शेवटी लिहिलं होतं, 'गाडी एवढी हळू चालायची की माणूस उतरून तोंड धुऊन परत चढायचा.'

पोलिसाचं डोकं जिथे जायला हवं तिथेच माझं गेलं. त्या दिवसांत दवाखान्यातून पेशंटचे फोन गायब व्हायचे. कोणीतरी मेलेल्या माणसाचं खातं बळकावून धंदा करतोय, असा माझा कयास होता. मी दवाखान्यातून सामान परत दिल्याचा कागद मागवला. त्यात फोन नोंदवलेला होता, घेणाऱ्याची सही होती. मोबाईलचं लोकेशन काढलं. फोन त्याच घरात होता, चार महिन्यांत एकदाही बाहेर पडला नव्हता.

मी त्या आरक्षकाला घेऊन स्वतः गेलो. दार उघडलं ते साठीच्या पुढच्या एका बाईंनी. नाकापर्यंत मास्क, केस नीट विंचरलेले. मी मराठीत बोललो तशी त्या जरा सैलावल्या. यजमान छोट्या गाडीच्या मार्गावर तिकीटबाबू होते. मुलगा बंगळुरूला. त्याला येता आलं नव्हतं, दवाखान्यात कोणाला जवळ जाऊ दिलं नव्हतं. अंत्यसंस्काराला महापालिकेची चार माणसं होती. बाईंनी नळाच्या पाण्याबद्दल सांगावं तसं हे सगळं सांगितलं.

मी विचारलं, "त्यांचा फोन कोण वापरतं?"

"कोणी नाही. पडून राहते."

खोटं बोलणारा माणूस उत्तर देताना बहुधा तुमच्याकडे पाहतो, तुम्हाला पटलं का ते बघायला. ह्या काकूंनी मात्र टेबलाकडे पाहिलं. तिथे तिकिटं ओळीनं मांडली होती. मी दुसरं काही न विचारता एक तिकीट उचललं. कुरुदचं होतं.

"हे सगळं त्यांनी जमवलं?"

"हव. दुसरे लोक सोनं आणतात, हे पुठ्ठे आणत." त्या जवळ आल्या. "हे पाहा, ही तारीख दोनदा उमटली. तिकीट यंत्रात घालून दाबलं की ठक्क आवाज येते. त्या दिवशी साहेब मागं उभे होते, त्याच्यानं हात थरथरला. आणि ही गाडी साहेब, एवढी हळू चालायची की माणूस उतरून तोंड धुऊन परत चढायचा."

माझ्यासोबतच्या आरक्षकाला मराठी समजत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिकीट जागेवर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसलो.

"काकू," मी म्हणालो, "हेच वाक्य मी आज सकाळी वाचलं."

त्यांनी उठून पंखा बंद केला, का ते मला कळलं नाही. कदाचित तो आवाज त्यांना नको झाला असावा.

"तुमी मले घेऊन जाणार काय?"

"आधी सांगा, हे सुरू कधी झालं?"

त्यांनी सांगितलं ते असं. ताप यायच्या आधी काकांनी पाच-सहा तिकिटं लिलावाला लावली होती. विकायचीच म्हणून नव्हे; लोक विचारतात, गप्पा होतात म्हणून. ते दवाखान्यात गेले आणि लिलाव तिकडे चालूच राहिला. काका गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी फोन घरी आला. चार्जिंगला लावल्यावर त्यात नागपूरच्या त्या अभियंत्यांचा मजकूर होता. 'दादा, बरेच दिवस उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना?'

"मले काय लिहावं समजलं नाही," काकू म्हणाल्या. "गेले, असं लिहायला घेतलं. बोट चाललं नाही. मंग लिहिलं, ठीक आहे. त्यांनी लगेच लिहिलं, बरं वाटलं ऐकून. साहेब, त्या महिन्यात मले कोणी असं बोललंच नव्हतं."

"आणि तिकीट काहून पाठवलं नाही?"

"पाठवलं असतं तर बोलणं संपलं असतं. बाकीचे लोक घेतात अन् चूप होतात. पुन्हा लावलं की नवे लोक विचारतात. ते मले विचारत, आणि मी यांना विचारल्यासारखं करून उत्तर देत राहिली. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी त्या गाडीच्या गोष्टी ऐकल्या मी. तेव्हा कंटाळा येत होता."

आवाज कोणी ऐकू नये म्हणून 'घसा बसला आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली' असंही त्यांनी लिहून टाकलं होतं. ते सांगताना त्यांनी पहिल्यांदा मान खाली घातली. "हे खोटं होतं," त्या म्हणाल्या, जणू बाकीचं नव्हतं. काकांच्या बँक खात्यातली रक्कम जशीच्या तशी होती. तिला त्यांनी हातही लावला नव्हता.

ठाण्यात परतलो तेव्हा वरिष्ठांचा फोन आला. केस स्पष्ट आहे, गुन्हा नोंदवा. कागदावर त्यांचं चुकत नव्हतं. मृत व्यक्तीच्या नावानं व्यवहार आणि एका वस्तूची दोनदा विक्री. मी प्राथमिक चौकशीसाठी थोडे दिवस मागून घेतले. दुसऱ्या संग्राहकाशी बोललो. त्याला पैसे परत मिळाल्याशी मतलब होता. काकूंनी ते परत केले, त्यानं तसं लेखी दिलं. नागपूरच्या अर्जदारांना मात्र फोनवर सगळं सांगताना मला शब्द जुळवावे लागले.

ते म्हणाले, "म्हणजे चार महिने मी कोणाशी बोलत होतो?"

अर्ज मागे घेणार का, असं मी विचारलं. गाड्या थोड्या सुरू झाल्यावर स्वतः येतो, एवढंच म्हणाले.

ते आले तेव्हा मी काकूंनाही ठाण्यात बोलावून घेतलं. दोघं माझ्या टेबलाच्या दोन टोकांना, मध्ये अंतर राखून बसले. गृहस्थ उंच, कडक इस्त्रीचा शर्ट. ते चिडतील अशी माझी तयारी होती. काकूंनी लिफाफ्यातलं तिकीट त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते उघडून पाहिलं नाही.

"माझ्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी मला लिहून आलं, गाडी लेट होते पण पोचते. ते कोणी लिहिलं?"

"मी."

"आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात राजिमच्या मेळ्याच्या गर्दीची आठवण लिहून आली, ती?"

काकूंनी विचार केला. "ती त्यांनी. ताप येण्याच्या आदल्या दिवशी."

गृहस्थांनी फोन काढला आणि जुना मजकूर मागे मागे सरकवत नेला. एका जागी थांबून त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. एक माणूस कुठे संपला आणि दुसरं कोण कुठे सुरू झालं, ते शोधत असावेत. खिडकीबाहेर शिपाई झाडांना पाणी घालत होता. मी फाईल उघडी ठेवली होती, पण त्यात लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि मला म्हणाले, "साहेब, माझा जबाब नंतर घ्या. मला आधी यांच्या घरी जायचं आहे. ओळखीचा माणूस गेला आणि मी भेटायला गेलो नाही. उशीर झाला आहे."

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. काकूंच्या घरी तोवर कोणीच आलं नव्हतं. शेजाऱ्यांनी दारातून हात जोडले, नातेवाइकांनी फोन केले. आमच्याकडे माणूस गेल्यावर लोक येतात, चटईवर बसतात, कसं झालं ते पुन्हा पुन्हा विचारतात. घरच्याला ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि सांगता सांगता ते खरं होत जातं. काकूंना ते एकदाही सांगावं लागलं नव्हतं.

मी आणि ती महिला आरक्षक त्यांना जीपनं सोडायला गेलो. आत जायचा माझा विचार नव्हता, पण काकू म्हणाल्या, "तुमीही बसा." गृहस्थांनी चपला काढल्या, फोटोला नमस्कार केला आणि खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "कसं झालं, वहिनी?"

काकूंनी सांगायला सुरुवात केली. ताप, रिकामी ॲम्ब्युलन्स, दवाखान्याच्या काचेतून दिसलेला हात. मला आणि महिला आरक्षकाला जे त्यांनी कोरडेपणानं सांगितलं होतं, ते आता थांबत थांबत, रडत सांगितलं. आम्ही तिघं ऐकत होतो.

अर्ज तडजोडीनं निकाली निघाला. काकूंनी त्या खात्यावर यजमान गेल्याची तारीख लिहिली. त्याखाली किती तरी संग्राहकांनी आपापल्या आठवणी लिहिल्याचं मला आरक्षकानं नंतर दाखवलं. उरलेली तिकिटं काकूंनी विकली नाहीत.

त्यानंतर वर्षभरात मी निवृत्त झालो. त्या शेवटच्या वर्षात माझी चौकशीची पद्धत मात्र बदलली. आधी मी समोरच्याला विचारायचो, हे का केलं. त्यावर माणूस स्वतःची बाजू मांडू लागतो, आणि ती बहुधा बनवलेली असते. नंतर मी विचारू लागलो, हे सुरू कधी झालं. त्यावर माणूस एखादा दिवस आठवतो. आणि त्या दिवशी त्याच्याजवळ कोण होतं, कोण नव्हतं, ते आपोआप सांगतो.