खालचा सूर

"सोडू नको रे! थे थांबले नाही अजून!" मार्थाकाकू माझ्यावर ओरडल्या आणि लगेच पुन्हा आपल्या सुरात शिरल्या. माझा दम संपत आला होता, तरी सूर ओढत राहिलो.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. थापा मारतो, हे मात्र अख्ख्या वणीला ठाऊक आहे. माझा टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, ऐकून मुकुटबनच्या म्हशी आटल्या, ही थाप माझीच... ही नाही.

वणीतलं आमचं छोटं चर्च, शनिवारची दुपार. दाविदाची स्तोत्रं कोण्या जुन्या साहेबानं इंग्रजी यमकात बसवलेली, ती आम्ही चार आवाजांत गातो. बिनपेटीची. (पेटी उंदरांनी खाल्ली, स्वरांसकट.) सगळ्यात वरचा आवाज माझ्या बायकोचा, रूथचा, त्याखाली काकू, मग मी, आणि तळाशी काकूंचे यजमान सॅम्युएलकाका — बेस. काका गायला लागले की बाकावरची धूळ नाचायची. आमचा नियम एकच: शेवटचा सूर काका सोडतील तेव्हाच बाकीच्यांनी सोडायचा.

त्या दिवशी काका चंद्रपूरला आयसीयूत होते, घशात नळी. आत एकालाच सोडतात, म्हणून त्यांची मुलगी तिथे. काकूंना घरी बसवेना.

"तिघंच गाऊ," म्हणाल्या. "घरी बसून भिंतीकडे कायले पाहू?"

तिसऱ्या कडव्याला खालचा सूर आला. मला वाटलं, बाहेर कोळशाचा ट्रक घुरघुरतोय. पण ट्रकला इंग्रजी येत नाही... आणि हा शब्द न् शब्द म्हणत होता. रूथनं माझं मनगट धरलं, नखं रुतली. काकांच्या रिकाम्या जागेकडे आम्ही दोघं पाहत नव्हतो. काकू मात्र तिकडेच पाहत गात होत्या.

शेवटचा सूर आला, आणि खालचा थांबेचना. मी तोंड मिटायला लागलो, तेव्हाच काकू ओरडल्या होत्या. मग तो बारीक होत गेला... आणि सुटला. आम्हीही सोडला.

मी बाहेर धावलो. ट्रक सोडा, सायकलही नव्हती. कारण आजही सापडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा.

परत आलो तर काकूंचा फोन वाजत होता. मुलगी रडत होती, "आई, बाबा..."

"मालूम हाय मले," काकू म्हणाल्या. "आम्ही संगच थांबलो."