मथुराबाईंच्या पायाखालचा खडक

जालन्याहून निघालेल्या भोकरदनच्या एसटीत मी भूकंपमापक यंत्राची पेटी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?" मी सांगताच शेजारचे आजोबा जरा सरकून बसले. हे यंत्र हादरे मोजतं, करत नाही, हे त्यांना पटवता पटवता राजूर आलं.

केदारखेड्याला उतरून मथुराबाईंच्या वस्तीवर (शेतातल्या घरावर) पोचले. बांधावर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) रचलेल्या होत्या. अंगणात विटा होत्या, वाळू होती, पण नव्या घराचं काम थांबलेलं. काही महिन्यांपासून जमीन अधूनमधून हादरत होती आणि जुन्या घराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. पुण्यातला मुलगा म्हणत होता, जागा सोडा आणि इकडे या.

"इथं राह्यचं का उठायचं, तेवढं सांगा ताई," मथुराबाई म्हणाल्या. मला साऱ्या भागातला भूकंपाचा धोका ठरवायचा होता. त्यांना एका घराचं उत्तर हवं होतं.

गोठ्यामागच्या उघड्या खडकावर मी यंत्र बसवलं. येसर (भाजलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार पीठ) घातलेली आमटी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली आणि हसनाबादकडचे खडक बघायला गेले. दुसऱ्या दिवशी परतले तर नोंदी सगळ्या गिचमीड. यंत्र उचललं तर खाली चौपदरी गोधडी!

"उघड्या दगडावर कशी ठिवायची? पाहुण्याची वस्तू हाय," मथुराबाई म्हणाल्या. माझा पारा चढला होता. पण गोधडी नवीकोरी होती आणि त्या स्वतः जुनीच वापरत होत्या. मग रागावणार तरी कसं? खडकाचा हादरा मऊ गोधडीतून नीट पोचत नाही, एवढं सांगून यंत्र पुन्हा खडकावर टेकवलं.

पुढचे चार दिवस नोंदी स्वच्छ आल्या. छोटे, तीव्र हादरे, आणि सगळे दुपारी बाराच्या पुढेमागे. भूकंप काही घड्याळ बघून येत नाही. मी मथुराबाईंच्या यजमानांना, लक्ष्मणरावांना विचारलं.

"टेकडीच्या पल्याड विहीर खोदून राह्यले," ते म्हणाले. "दुपारच्या जेवायच्या सुटीत टोटे (सुरुंग) उडवतेत. पण आवाज तर बिलकुल येत न्हाई इकडं."

दुसऱ्या दिवशी मी तिथं गेले. मजुरांनी सकाळभर खडकात भोकं पाडली, टोटे भरले, वर आले आणि लांब लिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसले. मग बार उडाला. मी वेळ टिपली. वस्तीवर येऊन पडद्यावर पाहिलं, तर त्याच क्षणी रेघ उसळलेली. मथुराबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. "अगं बाई, म्हंजी हे आपलेच लोकं व्हय!"

धूळ बसल्यावर मी त्या विहिरीचा काठही निरखला होता. वर पुरुषभर काळी माती, मग मुरूम, त्याखाली काळा, सलग, अभंग खडक. जुन्या घराचा पाया नुसता काळीत होता. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेग तिनं पाडली होती. जवळपास मोठ्या धक्क्याची जुनी नोंदही मला सापडली नव्हती. तरी धोका शून्य आहे असं मी म्हटलं नाही. मराठवाड्याच्या दक्षिणेनं काय भोगलं, ते विसरून कसं चालेल? काळी ओलांडून पाया खडकावर टेकवा, भिंतींना काँक्रीटचे पट्टे बांधा, असं सांगितलं.

मथुराबाई आत गेल्या आणि हळदीकुंकू लावलेली कुदळ घेऊन आल्या. "मंग पहिली कुदळ तुम्हीच मारा. कागदावर कुनी बी लिहितं."

मी घाबरले, खरंच घाबरले. इतकी वर्षं 'धोका कमी', 'धोका मध्यम' असं लिहून सही करत आले, पण ज्यांनी त्या घरात झोपायचं त्यांच्यासमोर कधी उभी राहिले नव्हते. मनात सगळ्या नोंदी पुन्हा एकदा तपासल्या आणि घाव घातला, मग पाठोपाठ आणखी वीसेक.

मथुराबाईंनी तिथूनच मुलाला फोन लावला. "सुटी टाक आन् ये जल्दी. पाया खोदायला घेतलाय."

परतीच्या एसटीत पेटी पुन्हा मांडीवर होती. हाताला कुदळीचा फोड आला होता आणि मी अहवालाचं पहिलं वाक्य मनात जुळवत होते. ते या वेळी मथुराबाईंना वाचून दाखवता येईल असं लिहायचं होतं.