सव्विसावा डबा

१ जुलै. सहावीच्या व्हरांड्यातले जीव: मुले सव्वीस, रोपे पंचवीस.

प्रत्येकाने आपल्या हजेरी-नंबराच्या डब्यात बी पेरले होते; ज्यात काही उगवले नव्हते तो डबा नव्या मुलीचा. वर्गात येऊन तिला पंधरवडा झाला होता आणि हजेरीतल्या ‘हजर’पलीकडे तिने तोंड उघडले नव्हते. पोर रमत नाही म्हणून पंधरा तारखेला आई तिचे नाव काढायला येणार होती. रोज सकाळी मुलगी पेन्सिलीने माती उकरून बी पाहायची आणि पुन्हा झाकायची.

शाळेची साफसफाई करणाऱ्या मावशींची बावीस वर्षे याच फरशीवर गेली होती. ओल्या फरशीवर पाय देणाऱ्या मुख्याध्यापकांचीही त्यांनी कधी गय केली नव्हती. एवढी नीतिमान व्यक्ती स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांपुढे मात्र नमते घेई. मोरी अकरा पावले लांब होती, म्हणून बादलीतले फिनेलचे पाणी रांगेतल्या शेवटच्या डब्यात जाई. डब्यात माती आहे एवढेच त्यांनी पाहिले होते. नंबर वाचला नव्हता.

“मावशी, या एकाच डब्याला काय धाड भरलीय?” वर्गाच्या बाईंनी विचारले.

“नशीब असतं एकेकाचं, बाई,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांचे लक्ष हातातल्या बादलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मुले यायच्या आत त्यांनी माती बदलली आणि घरून आणलेले घेवड्याचे तीन दाणे तीत खोचले.

दया ही सहसा ठराव करून, टाळ्या घेऊन केली जाते. इथे वर्गात कोणी कोणाला विचारले नाही; जो तो गुपचूप त्या डब्यात काहीतरी खोचून गेला. प्रत्येकाला आपण एकटेच उदार आहोत असे वाटले. परिणामी दहाव्या दिवशी त्या डब्यात एकोणीस कोंब मोजता आले: घेवडा, मेथी, मोहरी, शिवाय उलटी खोचलेली लसणाची एक पाकळी. मधोमध टोमॅटोचे रोप, जन्मतःच वीतभर. त्याला आइस्क्रीमची काडी बांधलेली होती आणि काडीवर नंबर होता, चौदा.

वर्ग डब्याभोवती गोळा झाला. मुलीने काडी वाचली.

“चौदा नंबर, तुझं पोरगं माझ्या घरी आलंय.”

“राहू दे गं,” चौदा नंबर म्हणाला. “खातं फार. आमच्याकडे परवडत नाही.”

“आणि ह्या लसणाला डोक्यावर कुणी उभं केलं?”

कबूल कोणीच होईना. हसताना मात्र सगळे सापडले.

दाटी झालेली रोपे वेगळी करायला तीन दिवस लागले, कारण प्रत्येक रोपामागे एक भांडण होते. पंधरा तारखेला आई आली, तेव्हा मुलगी मातीने माखून ओरडत होती, “अरे, मूळ तुटेल, गाढवा!” आईने अर्ज पिशवीतून काढलाच नाही. अर्ध्या तासाने तिच्या हातात झारी होती.

सप्टेंबरात घेवड्याच्या पहिल्या पाच शेंगा मुलीने मावशींच्या ओंजळीत ठेवल्या.

“मावशी, माझ्या डब्याकडे सगळ्यात जास्त लक्ष तुमचंच होतं.”

“होतं खरं,” मावशी म्हणाल्या.

त्या आता बादली घेऊन अकरा पावले चालतात. शेंगांची भाजी झाली, खाल्लीही गेली. माफी मागायची बाकी आहे.