डोमाजींची बादली

यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात डोमाजी तीस वर्षं प्रयोगशाळेत शिपाई होते. काम काचेची भांडी धुण्याचं, पण तोरा असा की संशोधन यांचंच! आणि खरं सांगू? थोडं होतंही. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी बादलीचा विषय निघाला की म्हातारा अजून हळवा होतो.

पांढरकवड्याकडच्या एका तांड्यावर बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग. कॉलेजातल्या साधना मॅडमनी त्यावर बादली बनवली. आत पांढरे दाणे, वरून पाणी ओतायचं, खालच्या तोटीतून चांगलं घ्यायचं. प्रयोगशाळेत काम फत्ते. तांड्यावर मात्र, बादली ठेवलेल्या धनीबाईच्या घरी, दर खेपेला फ्लोराइडचा आकडा जास्तच! पुढच्या महिन्यात उतरला नाही तर काम बंद, असा वरून निरोप आला. मॅडम रडकुंडीला आल्या.

धनीबाईची मोठी नात संगीता कायम तोंडावर हात धरून हसायची. धाकटी ममता वर्षाची होती.

"हिचे तरी दात वाचतीन ना, भाऊ?" धनीबाईनं विचारलं.

"वाचतीन. मी हावो ना!" डोमाजी बोलून बसले. शिपाई माणूस, कशाच्या जोरावर बोलला कोण जाणे.

मॅडमची जीप नेहमी अकराला पोचायची. एकदा डोमाजी एकटेच पहिल्या एस्टीनं गेले. बघतात तर काय, धनीबाईनं दाणे परातीत ओतलेत आणि चुलीतल्या राखेनं खसाखसा घासतेय!

"अवो बाई, हे काय करून राह्यली?"

"पाण्याचं हाय ना भाऊ. राखेबिगर चोखं व्हते काय? रोज घासा लागते."

डोमाजींनी कपाळावर हात मारला. भांडी धुण्यात जन्म गेलेला माणूस, राखेचा खार त्यांना कळणारच. दाण्यांनी धरलेलं सगळं त्या खारानं परत पाण्यात सुटत होतं, हे मॅडमनी नंतर तपासून सांगितलं.

"विरजण कोणी राखेनं घासते काय?" डोमाजी म्हणाले. "तसेच हे दाणे. घासले का मेले!"

विरजणाचं बोलणं धनीबाईला तिथल्या तिथं पटलं. पुढच्या खेपेला आकडा उतरला आणि काम वाचलं. पण मॅडम म्हणाल्या, "दुधाच्या दातांवर जाऊ नका, डोमाजी. काय ते पक्के दात सांगतील." पक्के दात यायच्या आधीच डोमाजी रिटायर होऊन बाभुळगावला गेले. दिलेला शब्द मात्र सलत राहिला. रोज सकाळी चूळ भरताना ममता आठवायची.

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. "पोरांचे दात तपासायला तांड्यावर जातोय. येता?" म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच स्टँडवर हजर!

धनीबाई थकली होती, बादली मात्र जागेवर होती. दारात बारा वर्षांची ममता. डोमाजींना पाहून ती हसली आणि तिनं पटकन तोंडावर हात धरला.

एवढी वर्षं पाण्यात गेली, आपण खोटे ठरलो, असं डोमाजींना वाटलं.

"हात काढ ना, माय," ते कसेबसे म्हणाले.

ममतानं हात काढला. दात पांढरेशुभ्र! एक डाग नाही.

"मंग झाकते काहून वो पोरी?"

ममता गोंधळली. "ताई अशीच हासते. आमच्या इकडं पोरी अशाच हासतात ना."

डोमाजींना रडू आवरेना. "तू नको झाकू," ते डोळे पुसत म्हणाले. "तू चांगली तोंड उघडून हास!"

ममता खळखळून हसली. तिच्यामागं, माहेरी आलेली संगीताही हसत होती, तोंडावर हात धरून.